घरगुती ध्वनिमुद्रण-कक्ष : इतिहास, साधने आणि प्रकाशने (अंजनवेल परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या समोरच्या तीरावर वसलेले गाव इतिहासाच्या अभ्यासकांना गोपाळगडामुळे आणि अलीकडच्या पिढीला लगतच्या वीजप्रकल्पामुळे परिचित आहे. संगीताच्या संदर्भात मात्र या गावाचे नाव सहसा घेतले जात नाही. वस्तुतः शिमग्यातील पालखी आणि खेळे, नमन, गणेशोत्सवातील जाखडी, घरोघरच्या आरत्या, पखवाजाच्या साथीची भजने असे समृद्ध ध्वनिविश्व या संपूर्ण किनारपट्टीला लाभलेले आहे. त्यातील फार थोडा भाग ध्वनिमुद्रित झाला, आणि जो झाला तो बहुतांशी मुंबईत, कॅसेट कंपन्यांच्या सोयीने झाला.

आज परिस्थिती बदलली आहे. एक संगणक, एक लहानसे ध्वनिरूपांतर यंत्र आणि दोन मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर राहत्या घरातील एखाद्या खोलीत प्रकाशनयोग्य ध्वनिमुद्रण करता येते. परंतु साधने हाती आली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. घरी केलेल्या मुद्रणाचे मोल यंत्राच्या किमतीवर नव्हे, तर खोली, मांडणी आणि नोंद या तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून त्याचेच विवेचन येथे करावयाचे आहे.

घर हीच ध्वनिमुद्रणाची पहिली जागा

ध्वनिमुद्रणाचा ‘स्टुडिओ’ ही कल्पना तुलनेने उत्तरकालीन आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. बर्लिनरच्या ग्रामोफोनचे पेटंट १८८७ चे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात भारतातील पहिली मोठी ध्वनिमुद्रण मोहीम केली ती हॉटेलातील खोलीत. विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावयाचे, त्या हवेच्या कंपनांनीच सुई मेणाच्या तबकडीवर चर कोरत असे. अवधी सुमारे तीन मिनिटांचा. त्या मोहिमेतील सर्वांत गाजलेली कलावती गौहरजान ही गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीतून उच्चारीत असे. याचे कारण व्यावहारिक होते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे समजावे, म्हणून ही खूण ठेवली जाई. या लहानशा युक्तीकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा वळावे लागेल.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर ध्वनिमुद्रणाच्या अभावाने काय हरपते याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ मध्ये. दोघांच्याही काळात ध्वनिमुद्रिका सर्वत्र विकल्या जात होत्या, तरीही दोघांचेही गाणे आज आपल्याला केवळ शिष्यांच्या गळ्यातून आणि लिखित आठवणींतून अनुमानावे लागते. उलट अल्लादियाखाँच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णमुद्रिकेत समाविष्ट झाली. गुरूचा आवाज पृथ्वीवर उरला नाही आणि शिष्येचा सूर्यमालेबाहेर गेला! ज्यांची घराणी, शिष्यपरंपरा आणि चरित्रे आहेत त्यांच्याबाबत ही स्थिती. मग खेळ्यांच्या मृदंगियाचे काय, हा विचार मनात येतोच.

चुंबकीय ध्वनिफीत आल्यावर चित्र पालटले. जर्मनीत १९३५ मध्ये सादर झालेले फितीचे यंत्र युद्धानंतर जगभर पसरले. मुंबई-पुण्यातील अनेक रसिकांनी घरी स्पूल टेपरेकॉर्डर बाळगले आणि दिवाणखान्यातील मैफली टिपल्या. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने आणलेल्या कॅसेटने हीच सोय मध्यमवर्गीय घरात नेली. परदेशात याच काळात घराचा कक्ष व्यावसायिक पातळीवर पोहोचला होता. अमेरिकेतील रूडी व्हॅन गेल्डर हा व्यवसायाने दृष्टितपासनीस. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत तो १९५९ पर्यंत ध्वनिमुद्रण करीत होता आणि ब्लू नोट, प्रेस्टिज या कंपन्यांच्या जॅझ संगीताच्या अनेक श्रेष्ठ मुद्रिका त्या खोलीत तयार झाल्या. बैठकीची खोली आणि नियंत्रणाची खोली यांमध्ये काचेची खिडकी, हाच काय तो विशेष बदल.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९७९ मध्ये टास्कम कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्या नोंदविणारे ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र बाजारात आणले. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने न्यू जर्सीतील घरात, हे यंत्र आणि शुअर कंपनीचे दोन साधे मायक्रोफोन वापरून काही गाणी केवळ नमुना म्हणून नोंदविली. पुढे वाद्यवृंदासह ती पुन्हा मुद्रित करण्याचे प्रयत्न झाले. परंतु घरच्या कॅसेटमधील एकांत त्यांत उतरेना. अखेर ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रकाशित झाली. यंत्राची मर्यादा ही दर वेळी उणीवच ठरते असे नाही.

आपल्याकडील याहून मोलाचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे होय. गी पॉयट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, स्त्रियांच्या ओव्यांचे संकलन केले. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्याला ध्वनिमुद्रणाची व संगणकीय सूचीची जोड मिळाली. एक लाखाहून अधिक ओव्या, एक हजारांहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण असा हा ठेवा २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून क्रमाने प्रकाशित होत आला आहे. येथे ध्वनिमुद्रण-कक्ष म्हणजे गायिकेचे स्वतःचे घर. आणि प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव आहे.

खोलीचे शास्त्र

कोकणातील जुने घर ध्वनीच्या दृष्टीने कसे आहे? जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भिंत जाड आणि वजनदार असते. बाहेरचा आवाज अडविण्याची भिंतीची क्षमता मुख्यतः तिच्या वस्तुमानावर अवलंबून असल्याने (वस्तुमान दुप्पट झाल्यास स्थूलमानाने ६ डेसिबल अधिक रोध) ही भिंत उत्तम होय. परंतु तिच्यावरचे कौलारू छप्पर आणि लाकडी दारे-खिडक्यांच्या फटी हा सर्व लाभ घालवितात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या केवळ एक शतांश भाग उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही भक्कम असली तरी एकूण रोध २० डेसिबलच्या पलीकडे जात नाही. म्हणून पहिला खर्च महाग मायक्रोफोनवर न करता दाराच्या फटींवर रबरी पट्टी आणि खोलीला आतून बंदिस्त छत यांवर करावा. जून ते सप्टेंबर या काळात कौलांवर पडणाऱ्या पावसाला तरीही उपाय नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. मुद्रणाचे वेळापत्रक पंचांगाबरोबरच पावसाकडे पाहून आखावे लागते, आणि गणेशोत्सवातील जाखडीचा हंगाम नेमका पावसाळ्यातच येतो.

आवाज अडविणे आणि आवाज शोषणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांची गल्लत सर्रास होते. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटविल्याने बाहेरचा आवाज थांबत नाही आणि आतला आवाजही नीट शोषला जात नाही. फक्त खोलीला स्टुडिओची कळा येते. शोषणाचे गणित अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन याने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. खोलीचे घनफळ (घनमीटर) गुणिले ०.१६१ आणि भागिले एकूण शोषण, म्हणजे निनादकाल, अर्थात आवाज बंद झाल्यानंतर तो ६० डेसिबलने क्षीण होण्यास लागणारा वेळ. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी गिलावा केलेली, सपाट छताची रिकामी खोली घेऊ. घनफळ ६० घनमीटर. सर्व पृष्ठभाग मिळून ९४ चौरस मीटर. गिलाव्याचा शोषणगुणक ०.०३ धरला, तर एकूण शोषण २.८२ आणि निनादकाल सुमारे ३.४ सेकंद येतो. अशा खोलीत मृदंगाचा एक बोल दुसऱ्यात मिसळून जाईल. आता यांपैकी ३० चौरस मीटर पृष्ठभागावर, भिंतीपासून थोडे अंतर सोडून, जाड गोधड्या टांगल्या आणि त्यांचा गुणक ०.५ मानला, तर एकूण शोषण सुमारे १६.९ होते आणि निनादकाल ०.६ सेकंदापर्यंत खाली येतो. गायनासाठी हे पुरेसे आहे. गोधड्या कोकणातील प्रत्येक घरात असतात, हा या पद्धतीचा मोठा गुण!

गोधडीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती उच्च कंप्रतेचे ध्वनी शोषते, खर्जाचे नव्हे. ५ मीटर अंतरावरील समोरासमोरच्या भिंतींत सुमारे ३४ हर्ट्झ, ४ मीटरांत सुमारे ४३ आणि ३ मीटरांत सुमारे ५७ हर्ट्झ या कंप्रता व त्यांच्या पटी अनाठायी फुगतात. लांबी, रुंदी व उंची सारखी असलेल्या खोलीत हा दोष एकाच जागी साठतो. म्हणून चौकोनी, बुटकी खोली टाळून लांबट माजघर निवडावे, ढोल किंवा मृदंग कोपऱ्यात ठेवू नये आणि मायक्रोफोन खोलीच्या बरोबर मध्यभागी उभा करू नये.

साधने

याविषयी थोडक्यात सांगणे पुरे आहे, कारण नमुने दरवर्षी बदलतात आणि तत्त्वे बदलत नाहीत. गतिक मायक्रोफोन दणकट असतो आणि दमट हवा सहन करतो. संधारित्र पद्धतीचा मायक्रोफोन अधिक सूक्ष्म ऐकतो, परंतु त्याला सामान्यतः ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि दमट हवेत त्याच्यातून खरखर येऊ लागते. खाडीकाठच्या घरात तो काम संपताच सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे श्रेयस्कर. विजेचा दाब अनियमित असेल तर मुद्रण बॅटरीवर चालणाऱ्या संगणकावर करावे. त्यामुळे घरगुती वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची घरघरही बहुधा टळते.

अंकीय मुद्रणात ध्वनीचे प्रतिसेकंद किती नमुने घ्यावयाचे आणि प्रत्येक नमुना किती बिटांत लिहावयाचा हे ठरवावे लागते. सीडीसाठी ४४,१०० नमुने व १६ बिट हे प्रमाण आहे. ऐकू येणाऱ्या कमाल कंप्रतेच्या (सुमारे २०,००० हर्ट्झ) दुपटीहून अधिक नमुने हवेत, हे त्यामागचे सूत्र. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबलची व्याप्ती मिळते; म्हणजे १६ बिटांत ९६ आणि २४ बिटांत १४४ डेसिबल. मूळ मुद्रण २४ बिटांत आणि ४८,००० नमुन्यांनी करावे. दोन पट्ट्यांच्या एका तासाला सुमारे १ गिगाबाइट जागा लागते आणि आजच्या काळात ती क्षुल्लक आहे. मोबाइलवर पाठविण्यासाठी केलेली एमपी-३ प्रत हीच मूळ प्रत म्हणून ठेवणे ही मात्र अक्षम्य काटकसर होय. १२८ किलोबिट वेगाच्या अशा प्रतीत सीडीच्या माहितीचा सुमारे अकरावा हिस्साच उरतो आणि गेलेला भाग परत मिळत नाही.

जाखडी कशी टिपावी

येथे साधनांहून मांडणी महत्त्वाची ठरते. जाखडीत गायक आणि वादक मध्यभागी बसतात आणि पायांत चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. म्हणजे ढोलकी, झांज आणि गायन हे केंद्रस्थानी, तर चाळांचा ठेका परिघावर, सतत फिरता. ऐकणाऱ्याला तो कधी जवळून, कधी दुरून ऐकू येतो. शक्तिवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जबाब याच वर्तुळात घडतात.

मुंबईतील स्टुडिओत हे वर्तुळ मोडले. गायक काचेमागे, ढोलकी वेगळ्या पट्टीवर, पुढे ताल यांत्रिक, आणि नाचणारे तर अनुपस्थितच. कारण कॅसेटवर नाच दिसत नाही. परिणामी परिघावरचा आवाज संगीतातून वजा झाला. घरगुती कक्ष चालविणारा तरुण पुष्कळदा याच कॅसेटच्या आवाजाला आदर्श मानतो आणि अंगणात घडणारी गोष्ट खोलीत कोंबून एकेक पट्टी वेगळी नोंदवू पाहतो. हे टाळावे असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. पावसाने उघडीप दिली की अंगणात किंवा ऐसपैस पडवीत, वर्तुळाच्या केंद्रापासून थोडे उंचावर दोन मायक्रोफोनांची जोडी लावावी. गायकाजवळ तिसरा, आधारापुरता. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज ६ डेसिबलने घटतो, हा नियम ध्यानात ठेवला तर झांज दूर आणि गायक जवळ बसवून यंत्राशिवायच समतोल साधता येतो. जुने तंत्रज्ञ कर्ण्यासमोर हेच करीत असत.

नमनाचे मुद्रण आणखी अवघड, कारण गण-गवळणीपासून वगापर्यंत त्याचा विस्तार रात्रभराचा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. तिच्यासाठी नमन कापले गेले. उरले ते गवळण आणि विनोद. आज ती मर्यादा नाही. संपूर्ण रात्र नोंदवून ठेवावी, प्रकाशनासाठी त्यातील काही भाग निवडावा. परंतु मूळ अखंड असावे.

कॅसेटयुग आणि प्रकाशनाचे अर्थकारण

१९७० च्या दशकापर्यंत भारतीय ध्वनिमुद्रिकांचा बाजार प्रायः एका कंपनीच्या, म्हणजे एचएमव्हीच्या, हाती होता. कॅसेटने ती मक्तेदारी मोडली. टी-सीरीज (१९८३), व्हीनस यांसारख्या नव्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी काढल्या आणि प्रादेशिक संगीताला पहिल्यांदाच बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या स्थित्यंतराचे विश्लेषण केले आहे. कोकणापुरते त्याचे वैशिष्ट्य असे की येथील संगीताचा ग्राहक निम्मा गावात आणि निम्मा मुंबईच्या चाळीत होता. चाकरमान्यांनी गणपतीला येताना कॅसेट आणली आणि जाताना नेली. या कॅसेटींनी अनेक शाहिरांना जिल्हाभर नाव दिले, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत.

मात्र वेष्टनावर गायकाचे नाव आढळले तरी ढोलकी कोणाची, कोरसात कोण, गीत कोणी रचले, कोणत्या वाडीचे मंडळ, मुद्रण कोणत्या साली, हे बहुधा आढळत नाही. आज ही कॅसेट एखाद्या पेटाऱ्यात बुरशी धरून पडली असेल आणि उद्या ती कोणी ऐकली, तर आवाज मिळेल, माणूस मिळणार नाही.

येथे कायद्याचा मुद्दा उपस्थित होतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ हा गायक नसून निर्माता असतो, म्हणजे ज्याच्या पुढाकाराने व जबाबदारीवर मुद्रण झाले तो. त्याचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे टिकतो. घरच्या खोलीत मुद्रण करणारा महाविद्यालयीन युवक अशा रीतीने, स्वतःच्या नकळत, गावाच्या गाण्याच्या मुद्रणाचा कायदेशीर स्वामी होऊन बसतो. गायक-वादकांना १९९४ च्या दुरुस्तीने स्वतंत्र प्रयोगकर्ता-हक्क मिळाला. त्याची मुदत आरंभी २५ वर्षांची होती, १९९९ मध्ये ती ५० वर्षांची झाली; आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगातील मानधनाचा तसेच श्रेय मिळण्याचा अधिकारही मान्य झाला. पारंपरिक गणावर कोणाचा लेखनहक्क नसतो. परंतु जाखडीतील नवे गीत ज्या शाहिराने रचले त्याचा हक्क अबाधित असतो. म्हणून मुद्रणापूर्वी साध्या मराठीत एका पानाचा करार करावा. त्यात मुद्रण कोणाचे, प्रत कोणाकोणाला, महाजालावर टाकावयाचे की नाही आणि पैसे आले तर वाटणी कशी, एवढ्या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. गावात सर्व नात्यातले असल्याने कागद करणे अवघड वाटते हे खरे. पण नात्यातले आहेत म्हणूनच तो आधी केलेला बरा.

नोंद

गौहरजानच्या युक्तीकडे आता वळू. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी कोणीतरी मायक्रोफोनसमोर तारीख, वाडी, मंडळ, गाणाऱ्यांची आणि वाजविणाऱ्यांची नावे, गीतकाराचे नाव व प्रसंग स्पष्ट उच्चारावा. संगणकातील धारिकेचे नाव बदलते, वही हरवते. ध्वनीतच असलेली नोंद ध्वनीबरोबर राहते. याखेरीज प्रत्येक मुद्रणाला चालू क्रमांक देऊन तोच वहीत लिहावा. प्रकाशन करावयाचे असल्यास ‘आयएसआरसी’ हा बारा अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक घ्यावा. प्रत्येक मुद्रणाची स्वतंत्र ओळख त्यामुळे जगभर कायम राहते आणि महाजालावरील उत्पन्नाचा हिशेब त्याच क्रमांकावर होतो.

नव्या मुद्रणाइतकेच, किंबहुना त्याहून निकडीचे काम जुन्या कॅसेटींचे आहे. त्यासाठी घरगुती कक्षातील सामग्री पुरेशी असून माजघराच्या निनादाचा येथे प्रश्नच येत नाही. कॅसेट प्रथम कोरड्या जागी काही दिवस ठेवावी. बुरशी दिसत असेल तर ती चांगल्या यंत्रात थेट घालू नये. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून फितीचा ताण सारखा करावा. वाचनशीर्षाचा कोन त्या विशिष्ट कॅसेटला जुळवून घ्यावा. एक लहानसा स्क्रू किंचित फिरविताच दबलेला, घोगरा आवाज उघडतो, हे पाहणाऱ्याला प्रत्येक वेळी आश्चर्य वाटते. त्यानंतर कॅसेट सलग, कोणतीही ‘सुधारणा’ न करता २४ बिटांत उतरवावी. खरखर काढण्याचे प्रयोग प्रतीवर करावेत. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत आणि तिसरी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. वेष्टनाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. आणि जे शाहीर, मृदंगिये, झांजवाले हयात आहेत त्यांना ती कॅसेट ऐकवून, कोणाचा हात आणि कोणाचा गळा हे त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्यावे; हे काम पुढील पावसाळ्यापूर्वी सुरू करता येण्याजोगे आहे, आणि त्याला एका मायक्रोफोनपेक्षा अधिक काही लागत नाही.